व्हीपीएसचे नियंत्रण पॅनेल निवडण्यापूर्वीची तयारी

ठाण्यात वागळे इस्टेटला कार्यालय, महापे किंवा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा अर्धा रॅक आणि त्या रॅकमधल्या तीन-चार सर्व्हरवर ग्राहकांचे व्हीपीएस (एका सर्व्हरचे वाटे करून दिलेली आभासी यंत्रे), अशी मांडणी असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी ही तयारीची यादी आहे. पॅनेल, म्हणजे हे सर्व ब्राउझरमधून सांभाळण्याचे सॉफ्टवेअर, निवडताना बहुतेक वेळा प्रथम डेमो उघडला जातो, पडदा नीटनेटका आहे का हे पाहिले जाते आणि मग किंमत विचारली जाते. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकापासून करावी. पॅनेल बंद पडले, त्याच्यात भगदाड सापडले किंवा त्याच्या मालकाने दर वाढवले, तर त्या दिवशी आपल्या हातात नेमके काय उरेल, हे आधी तपासावे आणि पडद्याच्या देखणेपणाकडे नंतर वळावे.

पहिले काम कागदावरचे आहे. आपल्याला कोणत्या प्रकारचे पॅनेल हवे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. सीपॅनेल, प्लेस्क, डायरेक्टॲडमिन किंवा हेस्टिया ही पॅनेले एका व्हीपीएसच्या आत बसतात आणि तिथली संकेतस्थळे, ईमेल व डेटाबेस सांभाळतात. सोलसव्हीएम, व्हर्च्युअलायझर किंवा प्रॉक्समॉक्स ही त्याच्या एक पायरी खाली, प्रत्यक्ष सर्व्हरच्या पातळीवर काम करतात आणि व्हीपीएस तयार करणे, थांबवणे, हलवणे व पुसणे हे त्यांचे क्षेत्र आहे. दोन्हींचे परवाने, धोके आणि बॅकअपच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे त्यांची तुलना एकाच तक्त्यात मांडू नये. पुढचे विवेचन मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

त्याच कागदावर आज किती सर्व्हर आहेत, वर्षभरात किती होतील, पॅनेलमध्ये फक्त आपले कर्मचारी शिरणार की ग्राहकही, आणि बिलिंग कशातून होते, ही माहिती असावी. ग्राहकाने पैसे भरताच व्हीपीएस आपोआप तयार व्हायचा असेल, तर डब्ल्यूएचएमसीएससारख्या बिलिंग प्रणालीशी जोडणारे मॉड्यूल कोण लिहिते आणि ते अद्ययावत कोण ठेवते, हे विचारलेच पाहिजे. ग्राहकांना विकण्याचा प्रश्न नसेल, म्हणजे एखाद्या कंपनीची स्वतःचीच मशीन सांभाळायची असतील, तर प्रॉक्समॉक्स सहसा पुरते आणि निर्णय बराच सोपा होतो.

त्यानंतर पॅनेलच्या खाली काय चालते ते पाहावे. आभासी यंत्रे चालवणारे केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचाच, भाग आहे आणि त्यावरच्या प्रत्येक व्हीपीएसला स्वतःचे कर्नल मिळते. कंटेनर पद्धतीत सर्वांचे कर्नल एकच असते. त्यामुळे मेमरी वाचते, पण परक्या ग्राहकांना एकमेकांशेजारी ठेवताना ती विभागणी मला पुरेशी वाटत नाही. दोनच सर्व्हरचा क्लस्टर (एकत्र सांभाळला जाणारा गट) करण्याचा विचार असेल, तर बहुमताचा नियम आधी समजून घ्यावा. प्रॉक्समॉक्समध्ये दोनपैकी एक सर्व्हर पडला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही. त्यावरची चालू मशीन साधारणपणे चालत राहतात, पण नवे सुरू करता येत नाही आणि सेटिंग बदलता येत नाही. यासाठी तिसरा सर्व्हर किंवा निदान मतापुरते एक छोटे तिसरे यंत्र अंदाजपत्रकात धरावे. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचेही पाहून घ्यावे: आशिया-पॅसिफिकचा जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गटावर आला, तेव्हा ग्राहकाला आयपीव्ही६ चा स्वतंत्र गट देता न येणारे पॅनेल आता घेऊ नये.

सुरक्षेच्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरतो, कारण या पॅनेलकडे आपल्या प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक यंत्राची किल्ली असते आणि हल्लेखोरांना हे केव्हाच कळलेले आहे. जून २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका होस्टिंग कंपनीवरच्या हल्ल्यात सुमारे एक लाख संकेतस्थळांचा डेटा गेला आणि त्या वेळी संशयाची सुई हायपरव्हीएम या पॅनेलकडे वळली. जून २०१३ मध्ये सोलसव्हीएममधल्या एका बॅकअपविषयक फाइलमधली त्रुटी उघडपणे प्रसिद्ध झाली आणि काही होस्टिंग कंपन्यांच्या ग्राहकांचा डेटा पुसला गेला. २०१८ मध्ये व्हेस्टा या पॅनेलच्या इन्स्टॉलरमध्येच फेरफार झाला होता, म्हणजे ते पॅनेल अधिकृत ठिकाणाहून घेणाऱ्यालाही फटका बसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधल्या, लॉगिन न करताच वापरता येणाऱ्या त्रुटींमुळे हजारो सर्व्हर खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या तावडीत सापडले. शेवटची दोन पॅनेले व्हीपीएसच्या आत बसणारी आहेत, पण धडा दोन्ही पायऱ्यांना लागू होतो.

त्रुटी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये निघू शकते, म्हणून केवळ इतिहासावरून एखादे पॅनेल बाद करणे योग्य नाही. पाहायचे ते असे की त्रुटी कळल्यावर दुरुस्ती किती लवकर आली, ती ग्राहकांना स्पष्ट शब्दांत कळवली का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या सुरक्षा सूचना एका ठिकाणी वाचायला मिळतात का. ज्या पॅनेलच्या नावावर एकही सूचना नाही, ते अधिक सुरक्षित आहे असे मी मानत नाही. बहुधा त्याच्याकडे कोणी बारकाईने पाहिलेले नसते. आपल्या बाजूची तयारी म्हणजे व्यवस्थापनाचा दरवाजा इंटरनेटवर उघडा न ठेवणे. प्रॉक्समॉक्सचा ८००६ किंवा वेबमिन या पॅनेलचा १०००० हा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) कोणालाही शोधता येतो, म्हणून तो व्हीपीएनच्या (खासगी जोडणीच्या) आत किंवा ठरावीक आयपी पत्त्यांपुरता मर्यादित असावा आणि लॉगिनला दुसरा टप्पा सक्तीचा असावा. ग्राहकांना पॅनेल द्यायचेच असेल, तर ग्राहकांचा भाग आणि प्रशासकाचा भाग वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवता येतो का, आणि एका ग्राहकाला शेजाऱ्याचा आयपी पत्ता वापरण्यापासून पॅनेल रोखते का, हे स्वतः करून पाहावे.

किमतीचा तक्ता मांडताना आजच्या आकड्याइतकेच मोजमापाच्या एककाला महत्त्व द्यावे. परवाना सर्व्हरमागे आहे, प्रोसेसरच्या सॉकेटमागे आहे, की व्हीपीएस किंवा खात्यामागे आहे, यावर व्यवसाय वाढल्यावर खर्च कसा चढेल ते ठरते. २०१९ मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागचा दर सोडून खात्यांच्या संख्येवर दर लावला आणि एका सर्व्हरवर शेकडो खाती ठेवणाऱ्यांचे गणित बदलले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही आभासी यंत्रांच्या सॉफ्टवेअरची कंपनी घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. सीपॅनेल, प्लेस्क, सोलसव्हीएम आणि डब्ल्यूएचएमसीएस ही चारही नावे आज वेबप्रोस या एकाच समूहाखाली आहेत; पॅनेल आणि बिलिंग दोन्ही तिथूनच घेणार असाल, तर दरवाढीचा धोकाही एका ठिकाणी जमा होतो. बहुतेक दर डॉलरमध्ये असतात, त्यामुळे विनिमय दराची आणि वस्तू व सेवा कराची तरतूद करून, विक्रेता परदेशी असल्यास रिव्हर्स चार्जविषयी (विक्रेत्याऐवजी आपणच कर भरण्याविषयी) आपल्या सीएंना आधीच विचारावे. परवाना तपासणारा सर्व्हर काही तास न मिळाल्यास पॅनेल कुलूपबंद होते का, याचे उत्तर लेखी घ्यावे.

बॅकअपच्या बाबतीत स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतिमेवर, विसंबू नये, कारण तो सहसा त्याच साठवणुकीवर असतो आणि डिस्कबरोबर तोही जातो. पॅनेलचा बॅकअप रोज फक्त बदललेला भाग घेतो की पूर्ण प्रत काढतो, तो कूटबद्ध असतो का, आणि पॅनेलचा पासवर्ड हाती लागलेला माणूस बॅकअपही पुसू शकतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर पॅनेलला हात लावता येणार नाही अशी आणखी एक प्रत हवी. ती ऐरोलीच्या सर्व्हरसाठी महाप्याला ठेवू नये. दोन्ही ठिकाणे एकाच ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहेत आणि एकाच पावसात व एकाच वीजसंकटात सापडू शकतात. पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई हे पर्याय बरे. त्यानंतर एक मोठा व्हीपीएस खरोखर परत उभा करून लागलेला वेळ नोंदवावा आणि ग्राहकांच्या करारात त्याहून कमी वेळेचे आश्वासन देऊ नये.

कायद्याची बाजू पॅनेलच्या निवडीशी थेट जोडलेली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, लॉग (यंत्रांच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात, आणि व्हीपीएस पुरवणाऱ्याला ग्राहकाचे नाव, संपर्क, दिलेले आयपी पत्ते व सेवेचा कालावधी ही माहिती सेवा बंद झाल्यानंतरही ५ वर्षे जपावी लागते. चाचणीत एक व्हीपीएस तयार करून पुसावा आणि तो आयपी पत्ता कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे होता हे पॅनेलमधून काढता येते का, ते पाहावे. ती नोंद व्हीपीएसबरोबर पुसली जात असेल, तर ती बाहेर उतरवून ठेवण्याची सोय पहिल्या दिवसापासून लागेल.

आता बाहेर पडण्याची वाट तपासावी. चाचणीच्या सर्व्हरवर पॅनेलची सेवा पूर्ण बंद करावी आणि व्हीपीएस चालू राहतात का, लिबव्हर्ट ही आभासी यंत्रे सांभाळणारी लायब्ररी वापरणाऱ्या पॅनेलखाली व्हर्श आणि प्रॉक्समॉक्समध्ये क्यूएम या आज्ञेने ते थांबवता व सुरू करता येतात का, याची खात्री करावी. डिस्क क्यूकाऊ२ किंवा रॉ या सर्वपरिचित स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या पॅनेलखाली सुरू करून पाहावी. पॅनेलखालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे आयुष्यही याच वेळी तपासावे. सेंटओएस ८ चा पाठिंबा २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीस संपेल असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी थांबला, तेव्हा त्यांवर बसलेल्या पॅनेलच्या वापरकर्त्यांना स्थलांतर करावे लागले. नव्या मोठ्या आवृत्तीवर जाताना जुने पॅनेल जागेवरच अद्ययावत होते की नवा सर्व्हर उभारून सर्व हलवावे लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घेतल्याशिवाय वर्षभराचा परवाना घेऊ नये.

एवढे झाल्यावर माणसांची यादी उरते. मुख्य पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचे राखीव कोड किमान दोघांकडे, पॅनेलच्या बाहेर आणि रॅकच्याही बाहेर असावेत. सर्व्हरचा दूरस्थ कन्सोल पॅनेलवर अवलंबून न राहता उघडतो का, ते घरून तपासावे. डेटा सेंटरच्या प्रवेश-यादीत दोन नावे आधीच नोंदवावीत आणि त्यातले एक घणसोली, रबाळे किंवा ऐरोलीत राहणाऱ्याचे असावे, कारण रविवारी ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावर मेगाब्लॉक असताना घोडबंदर रोडवरून निघालेल्या माणसाला रॅकपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आपल्या करारात कुठेच धरलेला नसतो.