जखमी घोड्याला हळद-जवस देताना या चुका टाळा

लग्नसराईत ठाण्यातल्या वरातीच्या घोड्या संध्याकाळभर काँक्रीटवर उभ्या असतात. गुडघ्याखाली सूज दिसली की तबेल्यात पहिला उपाय ठरलेला: गुळात कालवलेली हळद. घरचंच आहे, अपाय काय होणार?

होतो. सर्वात महागात पडते ती ही समजूत, की लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला. पायामागची कंडरा, जिला तबेल्यात नुसतं ‘नस’ म्हणतात, ती फाटली तर भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. दुखणं आणि सूज त्याच्या कितीतरी आधी उतरते. तारीख घेतलेली असते, घोडी पुन्हा नाचवली जाते आणि अर्धवट जुळलेले तंतू पुन्हा तुटतात. त्यामुळे आधी पशुवैद्याकडून सोनोग्राफी, मग खुराकाचा विचार. पहिले दोन दिवस तर हळदीपेक्षा नळाचं गार पाणी जास्त उपयोगी: दिवसातून तीन-चारदा, दरवेळी पंधरा-वीस मिनिटं.

गूळ मात्र नकोच. लठ्ठ किंवा आधी खूर धरलेल्या घोड्याला जादा साखरेने लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांना सूज, होऊ शकतो. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या घोड्याच्या धडक्या पायालाही तो धोका असतोच. खूर गरम लागलं, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम दोन ते पाच टक्के, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. तेल आणि मिरपुडीने शोषण वाढतं. पण फेनिलब्युटाझोन हे घोड्यांचं वेदनाशामक चालू असताना स्वतःच्या मनाने हळद, आलं किंवा विलो झाडाच्या सालीची पावडर वर घालू नका. त्या औषधाने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. विलोच्या सालीतला घटक तर अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातला. काय-काय चालू आहे ते डॉक्टरांना सगळं सांगा, ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून वगळू नका.

घरातली डायक्लोफेनॅकची गोळी? अजिबात नाही. औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन होणाऱ्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे तिच्यावर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून.

लसूण-कांद्याने रक्त शुद्ध होतं म्हणतात. घोड्याच्या बाबतीत उलटंच घडतं: जास्त प्रमाणात दिल्यास तांबड्या पेशी फुटून अ‍ॅनिमिया होतो. सुजेवर बिब्बा लावणं हा तर उपचार नव्हे, भाजणं आहे.

जवस चांगलं, ओमेगा-३ साठी. पण खाडीकाठच्या दमट हवेत दळलेलं जवस आणि उघडं तेल लवकर खवट होतं. लागेल तेवढंच दळा, बुरशीचा वास आला तर टाकून द्या. फरक दिसायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत गुण नाही म्हणून माप दुप्पट करण्यात अर्थ नाही.

कडवट हळदीमुळे घोडा चंदी सोडत असेल तर हळद बंद करा. बाटलीने किंवा बांबूच्या नळीने जबरदस्तीने पाजल्यास औषध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर काढायची सोय नाही. तो पोटाकडे वळून बघतोय, लोळतोय, लीद थांबलीय, नाडी विश्रांतीतही मिनिटाला साठच्या वर आहे, तर ताबडतोब फोन करा. खिळा किंवा पत्रा लागलेला असेल तर त्याच फोनवर धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. घोड्याला हा आजार फार पटकन होतो.