आयर्विनला किती फूट? बातमीला अर्थशास्त्र लावताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला मी अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो. दर शनिवारी प्रत्येकाने आठवड्यातली एक बातमी कापून वहीत चिकटवायची आणि पुस्तकातली एखादी संकल्पना लावून खाली दहा ओळी लिहायच्या, असा नेम आहे. वह्या तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. ज्यांचं पुस्तक पाठ आहे तीच मुलं जास्त घसरतात. बातमीत 'भाव' दिसला की मागणीचा नियम, 'बँक' दिसली की रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर), 'निर्यात' दिसली की परकीय व्यापार. पोत्यावर शिक्का मारतात तसं. पोत्यात हळद आहे की भुसा, हे उघडून बघायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मोठी माणसं चहाच्या गाड्यावर पेपर वाचताना हेच करतात, म्हणून हे लिहितोय.

महागाई उतरली म्हणजे भाव उतरले

ही सगळ्यांची लाडकी चूक. ऑगस्ट 2024 मध्ये बातमी आली की जुलैची किरकोळ महागाई 3.54 टक्क्यांवर आली, जवळजवळ पाच वर्षांत पहिल्यांदाच 4 टक्क्यांच्या खाली. निम्म्या वर्गाने लिहिलं, 'वस्तू स्वस्त झाल्या.' एकाने तर थेट 'चलनघट' (म्हणजे एकूण भावपातळीच उतरणं) लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सांगलीच्या पोराला हे समजवायला खरं तर फळा लागत नाही. पावसाळ्यात आख्खं गाव एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर. 40 ला इशारा, 45 ला धोका. समजा रात्री पाणी तासाला सहा इंचांनी चढत होतं आणि पहाटे ते तासाला दोन इंचांनी चढायला लागलं. मारुती चौकातला दुकानदार "पाणी उतरलं" म्हणेल का? माळ्यावर चढवलेला माल खाली आणेल का? महागाईचा दर म्हणजे पाणी चढायचा वेग, आणि भावपातळी म्हणजे पुलावरची फूटपट्टी. वेग मंदावला तरी पाणी चढतच असतं.

दुसरी मेख पायाची. 3.54 हा आकडा कोणाशी तुलना करून आला? जुलै 2023 शी. त्या महिन्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली होती आणि महागाई 7.44 टक्के होती. उंच पायरीवर उभं राहून पुढची पायरी मोजली की ती लहानच दिसणार. वहीत मी सरळ गुणाकार करायला लावतो. जुलै 2022 मध्ये जी टोपली 100 रुपयांना येत होती ती वर्षाने 107.44 ला आणि आणखी वर्षाने 111.24 ला. 'पाच वर्षांतली नीचांकी' महागाई असताना टोपली दोन वर्षांत सव्वाअकरा टक्क्यांनी महागलेली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ऑक्टोबर 2025 चा आकडा तर 0.25 टक्के आला. एका मुलीने तो आईला वाचून दाखवला तेव्हा आईने फक्त "कुठं?" एवढंच विचारलं. सरकारी आकडा खोटा, असं लिहून ती मोकळी झाली. आकडा खोटा नव्हता. तो ज्या सरकारी टोपलीवरून काढला तिच्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार 45.86 टक्के होता, आणि त्या महिन्यात खाद्यपदार्थांचे भाव वर्षापूर्वीपेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी खाली होते. म्हणजे निम्मी टोपली उतरली आणि बाकीची चढली. तिच्या घरचा मोठा खर्च त्या बाकीच्यात होता: एसटीचा पास, औषधं, क्लासची फी. फी माझीच, हे तिने लिहिलं नाही. मी मनातल्या मनात लिहून घेतलं.

अशा बातमीत अडकलात तर आधी 'गेल्या वर्षीच्या याच महिन्याच्या तुलनेत' हे शब्द शोधा. मग तो गेल्या वर्षीचा महिना कसा होता ते बघा.

हळद महागली, म्हणून शेतकऱ्याने लगेच जास्त पिकवली

मार्केट यार्डातली बातमी होती: दर तेजीत, आवक वाढली. वहीत उत्तर आलं, 'पुरवठ्याच्या नियमानुसार दर वाढल्यामुळे शेतकऱ्यांनी उत्पादन वाढवले.' नियम बरोबर, उत्तर चूक. हळद काय मेथी आहे का, महिन्यात उगवायला? मे-जूनमध्ये लागण, काढणी जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढे, त्यानंतर शिजवणं, वाळवणं, पॉलिश. आज दर वाढला म्हणून आज शेतात एक गड्डासुद्धा जास्त तयार होत नाही.

मग यार्डात पोती आली कुठून? बारावीच्या पुस्तकात साठा आणि पुरवठा यांतला फरक दिलेला आहे. तो मुलं दोन गुणांसाठी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सांगलीने तो फरक जमिनीत खणून ठेवला होता. हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं, होती. दर पडला की हळद पेवात, चढला की वर. पेवातली हळद म्हणजे साठा आणि त्या दराला सौद्यात उतरवलेली हळद म्हणजे पुरवठा. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच पेवं पाण्याखाली गेली. आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो, पण कोडं तेच. 'आवक' हा शब्द दिसला की नवा माल आहे की जुना, हे आधी विचारा. उत्पादन खरंच वाढलं का, याचं उत्तर पुढच्या हंगामातच मिळतं.

याच वहीत पुढे आणखी एक घसरण होती. 14 जानेवारी 2025 ला राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं, मुख्यालय निजामाबादला (सांगलीला का नाही, यावर वर्गात वीस मिनिटं गेली, तो विषय वेगळा). त्यानंतरची प्रत्येक तेजी-मंदी मुलांनी मंडळाच्या खात्यावर टाकली. पण उद्घाटन झालं तेव्हा नव्या हळदीचा हंगाम तोंडावर आलेला होता. त्या काळात दर हलतातच, मंडळ असो वा नसो. आधी हे घडलं आणि नंतर ते घडलं, एवढ्यावरून 'यामुळे ते' लिहू नका. मंडळ नसतं तर दर काय झाला असता, याबद्दल एक तरी वाक्य लिहिता येत असेल तरच 'यामुळे' हा शब्द वापरा.

दर चांगला मिळाला, म्हणजे शेतकरी मालामाल

तासगावच्या बेदाण्याला उच्चांकी दर, अशी बातमी आली की वहीत हमखास 'शेतकऱ्यांचे उत्पन्न वाढले' असं येतं. गेल्या वेळी वर्गात कवठेमहांकाळहून येणारा एक मुलगा उठला. "सर, आमच्या बागेत घडच नव्हतं. दर कुणाला मिळाला?"

त्याला फळ्यावर बोलावलं. आकडे समजुतीपुरते घेतले. मागच्या साली 4 टन बेदाणा, किलोला 150 रुपये, झाले 6 लाख. यंदा अवकाळीने 2 टन, किलोला 250 रुपये, झाले 5 लाख. बातमीतला दर खरा आणि घरातलं उत्पन्नही खरं. औषधं, मजुरी, शेडचं भाडं निम्मं झालं नाही, ते वेगळंच. मग त्याने स्वतःहून पुरवठा वक्र डावीकडे सरकवला (त्याच दराला माल कमी) आणि म्हणाला, "मग दर वाढला म्हणून आमचं कमी झालं नाही. आमचं कमी झालं म्हणून दर वाढला." इतकं नेमकं मला दोन तासिका घेऊनही सांगता आलं नसतं.

गोम एकच, दर आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दराच्या बातमीला मालाच्या आकड्याशिवाय हात लावू नका. ज्याचा माल शिल्लक राहिला त्याची चांदी होते, हेही खरं. त्यामुळे 'शेतकरी' हा एकच माणूस आहे असं धरून लिहू नका.

टोमॅटोच्या बाबतीतही हाच गोंधळ. 'शंभर रुपये झाला तरी लोक घेतात, म्हणजे मागणीचा नियम चुकला.' लोक किती घेतात ते बघा की. किलोऐवजी पाव, आमटीला चिंच किंवा आमसूल. हा मागणीचा संकोच, नियमाप्रमाणेच झालेला. आणि श्रावणात केळी महागली की तो विस्तार (दर उतरल्यामुळे वाढलेली मागणी) नव्हे, ती मागणीतली वृद्धी. तिथे केळ्याचा दर सोडून दुसरंच काहीतरी बदललेलं असतं, उपवास.

पुराने बाजारात तेजी आणली

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर दोन-तीन महिने गाद्या, फ्रिज, मिक्सर, रंग, प्लायवूड यांची दुकानं भरून वाहत होती. एका मुलाच्या मामाचं असंच दुकान. त्याने जुन्या बातमीचं कात्रण लावून लिहिलं, 'पूर हा अर्थव्यवस्थेला चालना देतो, कारण खर्च वाढतो व राष्ट्रीय उत्पन्न वाढते.'

हसू नका. मोठमोठी माणसंही हे म्हणतात. हिशेबाने बघितलं तर त्यात अर्धं सत्य आहेच. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे त्या वर्षी जे नव्याने तयार झालं ते. नवा फ्रिज त्यात मोजला जातो, पण वाहून गेलेला जुना फ्रिज त्यातून वजा होत नाही. नळातून येणारं पाणी मोजायचं आणि टाकीच्या भोकाकडे बघायचंच नाही, असा तो हिशेब.

त्या मुलाला मी दुसरी एक गोष्ट लिहून आणायला सांगितली. ज्या घराने मामाकडून फ्रिज घेतला, त्या घराने तेच पैसे पुरात गेले नसते तर कशात घातले असते? पुढच्या शनिवारी त्याने शेजारच्या घराची यादी आणली. लेकीचं लग्न पुढे ढकललं, भिशीचे पैसे मोडले, म्हैस घ्यायची राहिली. यालाच पुस्तकात संधी खर्च म्हणतात. मामाची विक्री दिसते, कारण तिचं बिल फाटतं. न घेतलेल्या म्हशीचं बिल कोणीच फाडत नाही.

लहान, पण गुण घालवणाऱ्या

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी घटला. बऱ्याच वस्तू 12 वरून 5 टक्क्यांवर आल्या. मुलांनी लिहिलं, '7 टक्के स्वस्त.' मूळ किंमत 100 धरा. पूर्वी 112 द्यायचात, आता 105. म्हणजे 112 वर 7, सव्वासहा टक्के. तेही दुकानदाराने पूर्ण कपात गिऱ्हाइकाला दिली तर. कर कोण भरतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो, हे प्रश्न वेगळे आहेत.

2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून टप्प्याटप्प्याने 5.25 झाला. 'त्यामुळे सर्व कर्जे स्वस्त झाली' यातला 'सर्व' खोडा. बँकेचं बदलत्या दराचं गृहकर्ज असेल तर फरक पडतो. गल्लीतल्या पतसंस्थेचं कर्ज रेपोला बांधलेलं नसतं.

डिसेंबर 2025 मध्ये डॉलर 90 रुपयांच्या पुढे गेला. 'रुपया पडला, देशाचे नुकसान' असं लिहिण्याआधी परदेशी द्राक्षं पाठवणाऱ्याला विचारा. मग त्यालाच पोटॅशचं पोतं कितीला पडतं तेही विचारा, कारण ते बाहेरूनच येतं.

एफआरपी म्हणजे हमीभाव, आणि तो सरकार देतं

ऊसपट्ट्यातली मुलं इथे चुकतात याचं मला दरवर्षी नवल वाटतं. गव्हाचा हमीभाव जाहीर होतो तेव्हा सरकार स्वतः खरेदीला उतरतं. ऊस सरकार विकत घेत नाही. एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) हा कारखान्याने द्यायचा किमान दर आहे, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत तो द्यावा लागतो. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. त्यामुळे 'सरकारने दर वाढवला' या बातमीत पैसे कोणाच्या तिजोरीतून जाणार आहेत, हे पहिलं बघा.

दुसरं म्हणजे मथळ्यातला आकडा. 2025-26 साठी क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3550. आदल्या हंगामात 340 होते, वाढ साधारण 4.4 टक्के. खत, डिझेल, मजुरी किती वाढली ते शेजारी लिहा, मगच 'वाढ' म्हणा. पण 3550 हा आकडासुद्धा 10.25 टक्के उताऱ्याचा, म्हणजे 100 किलो उसातून 10.25 किलो साखर निघते तेव्हाचा आहे. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला क्विंटलमागे 3.46 रुपये जास्त. 12 टक्के उतारा धरला तर टनाला 4155 रुपये 50 पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती 900 धरली तर हातात 3255 रुपये 50 पैसे. एकाच दराचे हे तीन आकडे. कोणत्याही दिवशीच्या पेपरात यांतला कोणताही मथळ्यात असू शकतो. आंदोलनाच्या बातम्या वाचताना दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे का सांगतात, ते इथे कळतं.

हा हिशेब फळ्यावर चालू होता तेव्हा पलूसकडचा एक मुलगा आजोबांच्या उसाचं बिल घेऊन आला होता. त्याने माझ्या ओळींशेजारी बिलातले आकडे मांडले. वजन जुळलं, तोडणी-वाहतूक जुळली. मग पेन्सिल उताऱ्याच्या आकड्यावर ठेवून त्याने विचारलं, "सर, हा मोजतो कोण?"

"कारखानाच."

"आणि पैसे देणारा?"

"तोही कारखानाच."

त्याने वहीचं पान उलटून वर 'संकल्पना :' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.