शेजारच्या पानावर काय होतं?

पुण्यात जपानी शिकून संशोधनाकडे वळणाऱ्यांपैकी कुणाला युद्धोत्तर जपानच्या सचित्र मासिकांवर काम करायचं असेल, तर कळकळीने सांगते : चित्र एकटं उचलू नका, अख्खा अंक वाचा.

मला हे उशिरा कळलं. टोकियोच्या पहिल्या फेरीत मी नुसत्या छायाचित्रांचे शेकडो फोटो काढून आणले. माझ्या संशोधनाच्या गाइडनी विचारलं, "शेजारच्या पानावर काय होतं?" मला सांगता येईना. पुढच्या उन्हाळ्यात तेच अंक पुन्हा मागवले.

सुरुवात 'कुराशी नो तेचो'पासून करा, म्हणजे 'जगण्याची वही'. सप्टेंबर १९४८ मध्ये ते निघालं. संपादक हानामोरी यासुजी युद्धकाळात सरकारी प्रचाराच्या कामात होते. इथे त्यांनी जाहिराती घेतल्याच नाहीत. पहिल्या अंकात सरळ कापून शिवायच्या कपड्यांचे नमुने आहेत. किमोनोचं कापड जेमतेम छत्तीसेक सेंटीमीटर रुंद, शिवण सगळी सरळ. ती उसवली की पट्ट्या मोकळ्या होतात आणि त्यातूनच नवा पोशाख बेततात. आईचा किमोनो अंगावर राहतो आणि बाईला भरभर चालताही येतं. 'आपण आता कोण' या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याही अग्रलेखात सापडलं नाही.

दुसरा अंक 'असाही ग्राफ' या सचित्र साप्ताहिकाचा, ६ ऑगस्ट १९५२. युद्धानंतरचा जपानवरचा अमेरिकी ताबा त्याच वर्षी २८ एप्रिलला संपला आणि हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रं सामान्य वाचकासमोर आली. त्याआधीच्या अंकांत मात्र सांभाळून वाचा. युद्धापूर्वीचा सेन्सॉर कापलेल्या शब्दांच्या जागी निदान फुल्या तरी दिसू द्यायचा. ताब्यातल्या सेन्सॉरला कापल्याची खूणही चालत नसे. १९४५ ते ४९ मधला कापलेला मजकूर पाहायचा तर ताब्यातल्या सेन्सॉरकडे आलेल्या छापील मजकुराचा, अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा प्रांगे संग्रह गाठावा लागतो.

अंकावर सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं शोवा साल दिसलं, तर त्यात १९२५ मिळवा; शोवा २७ म्हणजे १९५२. मासिकावरचा महिना विक्रीच्या पुढचा असतो. टोकियोच्या सेतागाया भागातल्या ओया सोइची या मासिकांच्या ग्रंथालयात माणसांच्या नावांवरून लेख सापडतात, तिथे एक दिवस नक्की काढा.

युद्धानंतरच्या टंचाईच्या काळातला कागद हलक्या प्रतीचा आहे, कडेने तुटतो. पान उलटताना तळहात खाली धरा.