काळ्या मोहऱ्यांनी सेंट जॉर्ज बचाव कसा खेळावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या बुद्धिबळ स्पर्धांना जो नेमाने जातो, त्याला समोर बसणारी माणसे फिरून फिरून तीच भेटतात. भुसावळहून येणारा खेळाडू सिसिलियन बचावच खेळणार आणि अमळनेरचा काका पाचव्या चालीच्या आत किल्लेकोट (राजा व हत्ती यांची एकत्र चाल) करणार, हे पटावर मोहरी मांडण्याआधीच ठाऊक असते. आपल्याबद्दलही समोरच्याला तेवढेच ठाऊक असते. अशा ओळखीच्या गोतावळ्यात वर्षातून चारपाच डावांसाठी एखादा आडवाटेचा बचाव हाताशी असावा, आणि त्यासाठी मी सेंट जॉर्ज सुचवतो. पांढऱ्याच्या ई४ ला पहिलीच चाल ए६ (पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी खालून एक ते आठ; नुसते घर लिहिले की ती प्याद्याची चाल). मी ती प्रथम खेळलो तेव्हा समोरचे गृहस्थ पटाकडे पाहत हळूच म्हणाले, “हाई काय शे भो?”

चाल विचित्र असली तरी हेतू साधा आहे. पांढरा डी४ खेळला की काळा बी५ खेळतो, उंट बी७ वर आणतो, घोडा एफ६ वर आणतो आणि ई४ च्या प्याद्यावर दोन्हीकडून दाब देतो. मग ई६ आणि योग्य वेळी सी५. चालींचा क्रम मात्र बदलू नये. ए६ न खेळता पहिल्याच चालीला बी५ खेळलात, तर एफ१ चा उंट ते प्यादे सरळ मारून नेतो आणि त्याचा मोबदला फारसा मिळत नाही.

या बचावात पांढऱ्याच्या दोन उत्तरांचा नीट अभ्यास करावा लागतो. पहिले उत्तर म्हणजे तिसऱ्या चालीला घोडा सी३ वर. काळा उंट बी७ वर आणतो. त्यानंतर पांढऱ्याने सवयीने घोडा एफ३ वर काढला, की काळ्याने बी४ खेळून सी३ च्या घोड्याला हुसकावावे. तो घोडा ए४, ई२ किंवा बी१ वर गेला तर ई४ च्या प्याद्याला कोणाचाच आधार उरत नाही आणि बी७ चा उंट ते मारतो. एवढी साधी गोष्ट अनुभवी खेळाडूंच्याही नजरेतून सुटते, कारण पहिल्या दोन चाली पाहून त्यांनी काळ्याला नवशिका ठरवलेले असते.

दुसरे उत्तर म्हणजे तिसऱ्याच चालीला ए४. येथे नवखा खेळाडू घाबरून बी५ चे प्यादे वाचवायला धावतो, पण त्याची गरज नाही. उंट बी७ वर आणावा. पांढऱ्याने ए पट्टीवरचे प्यादे बी५ वर मारले, काळ्याने ए प्याद्याने परत मारले, पांढऱ्या हत्तीने ए८ चा हत्ती मारला आणि काळ्या उंटाने त्याला मारले, की पांढरा उंट बी५ चे प्यादे घेतो. पण तेवढ्यात काळा उंट ई४ चे प्यादे घेऊन जी२ वर नजर ठेवतो. कडेचे प्यादे देऊन मधले घेतले, हा सौदा काळ्याला परवडतो. पटावर हा क्रम एकदा हाताने लावून पाहावा, नुसता वाचून तो ध्यानात राहत नाही.

आता सी५. माझ्या मते या बचावाचे सारे यशापयश या एका चालीवर ठरते. पांढऱ्याकडे मध्यभागी दोन प्यादी आणि भरपूर मोकळी जागा असते. ती जागा त्याला सुखाने वापरू दिली, तर तो ई५ खेळून घोड्याला हाकलतो, आपला घोडा ई४ वर आणतो, आणि काळ्याची ए६ व बी५ ही प्यादी पटाच्या कडेला नुसती शोभेपुरती उरतात. म्हणून ई६ आणि घोडा एफ६ एवढी तयारी झाली की सी५ खेळून डी४ ला आव्हान द्यावे.

याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९८० सालचा आहे. स्वीडनमधल्या स्कारा येथे युरोपीय सांघिक स्पर्धेत इंग्लंडचा टोनी माइल्स तेव्हाचा जगज्जेता अनातोली कार्पोव्ह याच्याविरुद्ध ए६ खेळला आणि डाव जिंकला. कार्पोव्हने सहाव्या चालीला ए४ खेळताच माइल्सने सी५ ने उत्तर दिले. पुढे बी४ पर्यंत गेलेल्या काळ्या प्याद्याशेजारी कार्पोव्हने सी प्यादे दोन घरे ढकलले, तेव्हा माइल्सने ते जाता जाता मारले (एन पासाँ, म्हणजे दोन घरे पुढे आलेले प्यादे एकच घर आले असे धरून मारणे). या मारामारीत बी पट्टी काळ्यासाठी मोकळी झाली आणि पांढऱ्याचे बी२ चे प्यादे मागे अडकले. सतराव्या चालीला माइल्सचा वजीर बी६ वर आला, चोविसाव्या चालीला त्याने ते प्यादे मारले आणि लगेच पुढच्या चालीला ई५ चेही. हल्ल्याचा देखावा नाही की बलिदान नाही. दहा चालींपूर्वी निर्माण झालेल्या दुबळ्या प्याद्याची शांतपणे वसुली.

याच डावात माइल्सने किल्लेकोट अठराव्या चालीला केला, आणि माझ्या फजितीचा संबंध नेमका तेथे आहे. एका उन्हाळी स्पर्धेत, बाहेर पारा चढलेला आणि सभागृहातला पंखा नुसता गरम हवा फेकत असताना, मी सी५ वरची मारामारी आटोपून उंट तेथेच ठेवला आणि घाईने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला. पांढऱ्याने ई५ खेळले, माझा घोडा एफ६ वरून डी५ ला गेला, आणि एच७ चे प्यादे राखायला राजाखेरीज कोणी उरले नाही. डी३ चा उंट एच७ वर शह देत आदळला, पाठोपाठ सी१ च्या उंटाच्या आधाराने घोडा जी५ वर आला, आणि मी पंचविसाव्या चालीच्या आत हात मिळवून बाहेर उसाचा रस पीत उभा होतो. माइल्सने मात्र दहाव्या चालीला सी५ चा उंट ई७ वर परत आणून तेव्हा जी५ चे घर राखले आणि किल्लेकोट लांबवला. म्हणून ई५ ची धमकी असेपर्यंत राजा मध्यात ठेवावा, आणि किल्लेकोटापूर्वी जी५ वर आपला पहारा आहे का, हे तपासावे.

पांढरा दुसऱ्या चालीला डी४ ऐवजी सी४ खेळला, तर बी५ चा हट्ट सोडावा, कारण तेथे प्यादे फुकट जाते. सी५ किंवा ई५ खेळून साधा डाव मांडावा. पांढऱ्याने सुरुवातच डी४ ने केली आणि ए६ नंतर ई४ खेळला, तर आपण पुन्हा याच वाटेवर येतो. त्याने सी४ खेळले, तर ई६ पुरे.

स्पर्धेत उतरण्यापूर्वी मोबाइलवर पंधरा मिनिटांचे वीसेक डाव या बचावाने खेळावेत आणि प्रत्येक डावासमोर वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: सी५ कितव्या चालीला आली, आणि किल्लेकोट करताना ई७ वर उंट होता की नव्हता.