चिपळूणवाल्याला निंगबोचा पाऊस

चीनमधल्या निंगबोला एमबीबीएसला येणारी पोरं विचारत असतात की सामानात काय काय आणू, म्हणून लिहितोय. थंडीचं सगळेच सांगतील, मी पावसाचं सांगतो कारण त्यात मी चांगलाच तोंडावर आपटलोय.

मी चिपळूणचा. पहिल्या वर्षी सिनियर म्हणायचे जून येऊ दे मग कळेल, आणि मी मनात म्हणायचो अरे जा, आमच्याकडे ३००० मिमीच्या वर पडतो, तुमच्याकडे वर्षभराचा मिळून १५०० च्या आसपास, मला काय पाऊस शिकवता. आणि खरंच, आला तेव्हा पाऊस म्हणण्यासारखा नव्हताच. नुसती बुरबुर, छत्री उघडावी की नको अशी. पण थांबेचना, आणि वारा अजिबात नाही. आपल्याकडे धो धो कोसळतो, मग जरा उघडीप देतो, तसं नाही, तिकडे हवाच ओल्या फडक्यासारखी अंगावर बसते.

ह्याला ते मेइयू म्हणतात, म्हणजे प्लमचा पाऊस, ती फळं पिकतात तेव्हा येतो म्हणून. आपला मिरग लागला की पाठोपाठ हा लागतो आणि साधारण जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची दमट हवा यांगत्झे नदीच्या खोऱ्यावर एकमेकींना रेटत बसतात, मागे कोणीच हटत नाही, ढग तिथल्या तिथे. २०२० ला तर खोऱ्यात काही ठिकाणी जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्ट उजाडेपर्यंत रेंगाळला. गंमत म्हणजे चिनीत बुरशीलाही मेइच म्हणतात, अक्षर वेगळं, उच्चार तोच.

ती दुसरी मेइ मला जूनच्या शेवटी भेटली. रेसिडेन्स परमिट रिन्यू करायला फोटो हवे होते म्हणून पलंगाखालची बॅग ओढली, तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वडी झालेली. बारावीच्या मार्कशीटवर तपकिरी ठिपके. आणि कोल्हापुरी, जी मी दिवाळीला एकदाच घातलेली, तिच्यावर हिरवट पांढरी मखमल उगवलेली, बोट फिरवलं की भुसभुशीत उडायची. पापड इतके सादळलेले की रुमालासारखी घडी पडत होती. म्हणून सांगतो, कागदपत्रं झिपवाल्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, पलंगाखाली कधीच नाही. मसाला छोट्या छोट्या पाकिटांत आणा, एकच मोठी बरणी नको. आगोटीला आई घरी जे करते तेच तिथे मे महिन्यात करायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

चूक माझीच होती. कोकणातली सवय, ओल आली की खिडक्या सताड उघडायच्या. हॉस्टेलच्या मावशींना तिथे आयी म्हणतात (हो, मला पण पहिले काही दिवस हाक मारायला लाज वाटायची), त्यांनी एकदा आत डोकावून खिडकी धाडकन लावली आणि एसीच्या रिमोटवरचं थेंबाच्या चित्राचं बटण दाबलं. ते छूशी, म्हणजे ओल काढायचा मोड. बाहेरची दमट हवा आत आली की गार फरशीला, भिंतीला घाम फुटतो, तेव्हा फार ओल असेल त्या दिवशी खिडक्या बंद आणि हा मोड चालू. पाइपखाली बादली लावून बघा, सकाळी बघून तुम्हीच गप्प व्हाल. शिवाय ताओबाओ ह्या ऑनलाइन दुकानावर ओल शोषायचे डबे मिळतात, आत कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे दाणे, काही आठवड्यांत त्यांचं पाणी होतं, कपाटात एकेक ठेवायचा. बाहेर रूम घेणार असाल तर तळमजला कितीही स्वस्त असला तरी नको.

फोन सांभाळा. तिकडे भाजी, बस, कॅन्टीन सगळ्याचे पैसे फोनवरून, अलीपे नाहीतर वीचॅट ॲपने, त्यामुळे फोनमध्ये पाणी गेलं की खिसा रिकामाच. मी एकदा नूडल्सवाल्यासमोर ओल्या बोटांनी स्क्रीन चोळत उभा होतो, मागे लाइन, कोड काही उघडेना, शेवटी मागच्या मुलीने माझे पैसे भरले. थोडी कॅश ठेवा. ई-बाइक घेतलीत तर पूर्ण गाडीवर येणारा रेनकोट घ्या, त्याला पुढे हेडलाइटसाठी पारदर्शक तुकडा असतो तो बघून. आणि फुटपाथवरची सुटी फरशी ओळखायला शिका, पाय पडला की खालचं गढूळ पाणी थेट गुडघ्यापर्यंत.

वादळं वेगळी, ती जुलै ते सप्टेंबर. २५ जुलै २०२१ ला इन-फा नावाचं वादळ शेजारच्या चौशानला धडकलं तेव्हा मी हॉस्टेलवर, पाणी-बिस्किटं भरून, पॉवरबँक चार्ज करून बसलेलो, आणि तीनच दिवस आधी इकडे चिपळूण पाण्याखाली गेलेलं, घरी फोन लागत नव्हता. त्यावर जास्त लिहीत नाही. इशारे निळा, पिवळा, केशरी, लाल असे चढत जातात, लाल म्हटल्यावर बाहेर पडून शहाणपणा करायचा नाही.

बरं, सगळं वाईटच नाही. ह्याच दिवसांत यांगमेई (तिकडचं एक फळ) येतात, जवळच्या त्सशी आणि युयाओकडच्या नावाजलेल्या, दिसायला लालकाळ्या, चव रातांबा आणि जांभळाच्या मधली. मिठाच्या पाण्यात भिजवून खा, आतून बारीक अळ्या निघाल्या तर ओरडू नका, तिथे कोणी त्याचं काही मानत नाही. पांढऱ्या शर्टावर मात्र डाग जात नाही.

मग एका सकाळी खडखडीत ऊन पडतं आणि सगळं हॉस्टेल गाद्या, रजया, उश्या घेऊन खाली धावतं. त्या दिवशी झोपून राहू नका, आठच्या आत उतरा. रेलिंगवरच्या जागा आयी लोक आधीच धरतात, मला दोन वर्षं सायकल स्टँडवर गादी टाकावी लागली आणि रात्री झोपताना तिला ग्रीसचा वास.