सायकल दुरुस्तीचे दुकान पारखताना

सायकलचे दुकान निवडताना पाटीपेक्षा कारागिराचे प्रश्न अधिक बोलके असतात. सायकल हातात घेताच भाव सांगणाऱ्यापेक्षा ती उचलून पुढचे चाक फिरवणारा, चाकाची कडा (रिम) ब्रेकच्या रबराला कुठे घासते ते पाहणारा आणि तुम्ही रोज किती चालवता हे विचारणारा माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो.

पहिल्याच भेटीत संपूर्ण ओव्हरहॉलिंग सोपवू नये. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, काढण्यासारखे छोटे काम द्यावे. चांगला कारागीर स्पोक एकदम आवळत नाही, तर निपल (रिमजवळची स्पोक ताणणारी छोटी चाकी) पाव-पाव फेरा फिरवत दर वेळी चाक पुन्हा तपासतो.

चेन बदलायला सांगितल्यास मोजून दाखवण्याची विनंती जरूर करावी. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर भरतात. हीच लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढली, की झीज 0.5 टक्क्यांवर पोहोचते आणि चेन बदलण्याची वेळ येते, कारण झिजलेली चेन मागच्या चक्राचे दातेही खाते, आणि ते चक्र चेनपेक्षा महाग पडते. मोजमापाला टाळाटाळ होत असेल, तर दुसरे दुकान पाहावे.

गीअर किंवा डिस्क ब्रेक असल्यास त्या कामाचा अनुभव आधीच विचारावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेले जुने सुटे भाग परत मागावेत. सायकल ताब्यात घेताना मात्र घाई नको: दुकानासमोरच एक फेरी मारून ब्रेक दाबून पाहावेत.