खुणा वहीत कशा लिहाव्यात

भारतीय सांकेतिक भाषा शिकणाऱ्या, ऐकू येणाऱ्या माणसाची वही बहुतेकदा अशी असते: ‘घर – दोन्ही हात तिरके, बोटं टेकवायची’. महिन्याभराने हे वाचून हात उचलतच नाहीत. तळहात कुठे वळवायचे, हात किती उंच धरायचे, यातलं काही लिहिलेलंच नसतं. ‘व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहा’ हा सल्लाही तितकाच कुचकामी आहे. पाहताना सगळं ओळखीचं वाटतं, पण हाताला काही ठरवावं लागत नाही. खूण लिहायला घेतली की बोटांची ठेवण, तळहाताची दिशा, जागा, हालचाल आणि चेहरा या पाचही गोष्टींचा निर्णय घ्यावाच लागतो. एक जरी ठाऊक नसली तरी पेन्सिल अडते, आणि अडते तिथेच खरं शिकणं होतं.

यासाठी साइनरायटिंग, म्हणजे खुणा आकृत्यांनी लिहिण्याची लिपी, घ्या. व्हॅलरी सटन यांनी १९७४ मध्ये ही लिपी तयार केली. त्याआधी त्यांनी नृत्य लिहिण्याची पद्धत बसवली होती, म्हणून हिच्यात शरीर दिसतं. २०१५ पासून ती युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या सामाईक संचातही, आहे, पण मोबाइलवर टाइप करण्याच्या भानगडीत पडू नका. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरे.

मूठ म्हणजे चौकोन. तर्जनी उघडी असेल तर चौकोनातून एक रेघ निघते. पंजाचे बाकीचे आकार या लिपीच्या तक्त्यावरून दोन दिवसांत बसतात.

खरी गोची तळहाताच्या रंगात आहे, आणि बहुतेक जण इथेच लिपी सोडून देतात. नियम असा: खूण करणाऱ्याला स्वतःच्या हाताचं जे दिसतं ते लिहायचं. तळहात दिसला तर आकृती पांढरी, हाताची पाठ दिसली तर काळी, कड दिसली तर अर्धी पांढरी, अर्धी काळी. आता ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसा पंजा पुढे करा. समोरच्याला तळहात दिसतो, म्हणून स्क्रीनवर पाहून लिहिणारा पांढरा पंजा काढतो. तुम्हाला मात्र स्वतःच्या हाताची पाठ दिसते, म्हणजे पंजा काळा. स्क्रीनवरून थेट उतरवलं की डावं-उजवंही उलटतं, आणि अशा चुका वहीत घर करून बसतात. सेल्फी कॅमेऱ्याची उलटी प्रतिमा त्यात आणखी गोंधळ घालते.

म्हणून व्हिडिओ पाहताना पेन्सिल हातात घेऊच नका. व्हिडिओ थांबवा, खूण स्वतः करा, हात तसाच धरून खाली पाहा आणि मग लिहा. नमस्काराचे हात जोडा: दोन्ही पंजांच्या कडा तुमच्याकडे. उजव्या पंजाचा उजवा अर्धा भाग काळा, डाव्याचा डावा अर्धा भाग काळा, आणि स्पर्शाची एक चांदणी. काळी बाजू आत आली असेल तर पंजे एकमेकांना पाठ करून उभे आहेत.

दुसरी अडचण म्हणजे हात जमिनीला समांतर असणे. ‘तू’ म्हणताना तर्जनी समोर रोखली आणि तळहात खाली असला, तर आकृती काळी, आणि बोटाची रेघ चौकोनापासून किंचित सुटी. ही फट विसरलात तर तेच बोट आकाशाकडे वळतं. बाणांचंही तसंच: वर-खाली जाणारी हालचाल दुहेरी रेघेच्या बाणाने, पुढे-मागे जाणारी एकेरीने. उजव्या हाताच्या बाणाचं टोक काळं, डाव्याचं पांढरं.

चेहरा वर्तुळात. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात भुवया वर जातात, त्या काढल्या नाहीत तर ‘चहा हवा?’चं ‘चहा हवा’ होतं. वाक्य वरून खाली, उभ्या ओळीत लिहा. भारतीय सांकेतिक भाषेत ‘काय’, ‘कुठे’ असे प्रश्नशब्द शेवटी येतात, ते ओळीच्या तळाशी दिसले की मराठीच्या क्रमाने खुणा करायची खोड सुटते.

एका बैठकीत सहाच खुणा. दुसऱ्या दिवशी लिहिलेला भाग झाका, मराठी शब्द पाहून आधी खूण करा, मग नव्याने लिहा, आणि शेवटी जुन्याशी ताडून पाहा. चार दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. चुकलेली आकृती खोडू नका, बाजूला बरोबर काढा.

पडताळणीसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे. २०२१ पर्यंत त्यात १०,००० शब्द झाले. तरी खुणा गावागणिक बदलतात, म्हणून समासात ‘पुणे’, ‘मुंबई’ अशी नोंद ठेवा आणि शेवटचा शब्द तुमच्या कर्णबधिर शिक्षकांचा माना. ही वही त्यांच्यापुढे वाचायला मात्र धरू नका. आपल्याकडे बहुतेक कर्णबधिर ही लिपी वापरत नाहीत. त्यांच्यासमोर हात चालवा.